जोखीम-भरपाई, एचआयव्ही-प्रतिबंधक औषधातील
जोखीम-भरपाई, एचआयव्ही-प्रतिबंधक औषधातील : धोका कमी झाल्याची जाणीव होताच माणूस सावधगिरीही कमी करतो, या प्रवृत्तीस जोखीम-भरपाई म्हणतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्समन यांनी १९७५ मध्ये मोटारगाड्यांतील सक्तीच्या सुरक्षा-साधनांसंबंधी असा युक्तिवाद केला होता.

टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबीन यांच्या संयुक्त गोळीस निरोगी व्यक्तीतील एचआयव्ही-संसर्ग टाळण्यासाठी अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली (⟶ एड्स). गोळी घेणारे निरोध वापरणे सोडतील व तिचा लाभ वाया जाईल, अशी शंका तेव्हा घेतली गेली.

सहा देशांतील २,४९९ समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष व पारलिंगी स्त्रिया यांच्यावरील चाचणीत (२०१०) नवे संसर्ग ४४ टक्क्यांनी घटले. निरोधाचा वापर उलट वाढला. परंतु शंकेचे निरसन त्याने होत नाही. खरी गोळी कोणास व औषधहीन गोळी कोणास, हे सहभागींना ठाऊक नव्हते. आपणास संरक्षण आहे की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या वर्तनावरून संरक्षणाचा परिणाम कसा जोखणार?

ही उणीव इंग्लंडमधील ‘प्राउड’ चाचणीने (२०१५) भरून काढली. तीत ५४४ पुरुषांपैकी निम्म्यांना गोळी लगेच व उरलेल्यांना एक वर्षानंतर मिळाली. आपण काय घेतो, हे प्रत्येकास माहीत होते. लगेच गोळी मिळालेल्या गटात संसर्ग ८६ टक्क्यांनी कमी आढळला. त्या गटातील काहींनी निरोधाविना अधिक जोडीदारांशी संबंध आल्याचे सांगितले. तथापि इतर लैंगिक संसर्गांच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता.

गोळीचा प्रसार वाढल्यावर चित्र काहीसे बदलले. मेलबर्न व सिडनी येथे २०१३–१७ या काळात गोळी घेणाऱ्या समलिंगी पुरुषांचे प्रमाण २ वरून २४ टक्क्यांवर गेले. अनियमित जोडीदारांशी नेहमी निरोध वापरणाऱ्यांचे ४६ वरून ३१ टक्क्यांवर आले. भरपाई झाली, हे मान्य करावे लागते. मात्र न्यू साउथ वेल्स राज्यात व्यापक वाटपानंतर वर्षभरात अशा पुरुषांतील नवी एचआयव्ही-निदाने २९५ वरून २२१ झाली. म्हणजे भरपाईने लाभ पुसला गेला नाही.

परमा, उपदंश व क्लॅमिडिया यांना ही गोळी रोखत नाही. गोळी घेणाऱ्यांची सामान्यतः दर तीन महिन्यांनी तपासणी होत असल्याने त्यांच्यात हे रोग अधिक सापडतात. त्यांतील वाढ खरी किती व तपासणीमुळे दिसणारी किती, हे वेगळे करणे कठीण असते. खरा धोका संभवतो तो निरोध सोडून पुढे गोळीही अनियमित घेणाऱ्यास.