कितीने जास्त?

चौथीच्या फळ्यावर एक स्तंभालेख काढा. आवडते फळ : आंबा १४, पेरू ९, केळे ६. ‘सर्वांत जास्त मुलांना काय आवडते?’ असे विचारले की सारा वर्ग ‘आंबा!’ म्हणून ओरडतो. ‘किती जणांना?’ याचेही उत्तर येते. आता विचारा, ‘पेरूपेक्षा आंबा कितीने जास्त?’ पुष्कळ मुले पुन्हा ‘चौदा’ असेच म्हणतात.

मुलांची वजाबाकी कच्ची आहे असे समजून आपण १४ – ९ मांडून दाखवतो आणि पुढे जातो. पण अडचण वजाबाकीची नसतेच. ‘कितीने जास्त’ हा प्रश्न मुलाला ‘कोण जास्त, आणि ते किती’ असा ऐकू येतो. फरक ही तिसरीच संख्या. ती कोणत्याही स्तंभाच्या टोकाशी नसते, दोन टोकांमधल्या मोकळ्या जागेत असते.

ती जागा दिसावी म्हणून आलेख आधी जमिनीवर मांडावा. प्रत्येकाने एक रिकामी काडेपेटी आणून आपल्या आवडीच्या फळाच्या रांगेत ठेवायची. सगळ्या रांगा खडूच्या एकाच रेघेपासून सुरू व्हाव्यात आणि पेट्यांमध्ये फट नसावी. पेट्या सारख्या मापाच्याच हव्यात. मात्र एकदा पेरूच्या रांगेत मुद्दाम मोठ्या पेट्या ठेवून पाहा. नऊंची रांग चौदांच्या पुढे गेली की वर्गात जे भांडण होते, त्यातून समान मापाचे महत्त्व आपल्या व्याख्यानापेक्षा लवकर कळते!

मग आंब्याची एक आणि पेरूची एक अशा जोड्या उचलत जायचे. पेरू संपतो, आंब्याच्या पाच पेट्या उरतात. ‘कितीने जास्त’ म्हणजे या पाच. नंतर हेच चौकटीच्या कागदावर : पेरूच्या टोकावर पट्टी आडवी धरायची आणि आंब्याच्या पट्टीवर उरलेल्या चौकटी मोजायच्या.

स्तंभालेख जन्मालाच आला तो अशा तुलनेसाठी. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात स्कॉटलंडच्या व्यापाराचा आलेख दिला. त्याच्याजवळ एकाच वर्षाचे आकडे होते, त्यामुळे काळानुसार चढउतार दाखवणारी रेषा काढता येईना. म्हणून त्याने प्रत्येक देशापुढे आयातीची एक आणि निर्यातीची एक पट्टी शेजारी शेजारी काढली.

यापुढची पायरी प्रमाणाची. पाचवीत मोठे आकडे घ्यावेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७३. इतक्या काडेपेट्या आणायच्या कोठून? एका पेटीला शंभर मिलिमीटर मानायची युक्ती मुले स्वतःच सुचवतात. सांताक्रूझच्या साडेनऊला थोड्या कमी पेट्या होतात, कुलाब्याची एकही भरत नाही.

आता कुलाब्याचा आलेख वेगळ्या कागदावर काढा, एका चौकटीला दहा मिलिमीटर धरून. चौकटी सातपेक्षा थोड्या जास्त होतील. सांताक्रूझचाही कागदावर काढा, पण चौकटीला शंभरच धरून. दोन्ही कागद शेजारी लावा, प्रमाण झाका आणि विचारा, ‘पाऊस कोठे जास्त? फार जास्त की थोडा?’ ‘सांताक्रूझला, पण थोडाच,’ असे उत्तर आले की बाजूचे प्रमाण उघडे करावे आणि गप्प बसावे. एक चौकट म्हणजे किती, हे कोणीतरी विचारीलच.