वाशीहून वासोट्याच्या रानात

वासोटा ऊर्फ व्याघ्रगड सातारा जिल्ह्यात, कोयना अभयारण्याच्या दाट जंगलात आहे. इंग्रजांनी १८१८ मध्ये तो जिंकला.

- रान : सदाहरित वनात झाडे एकाच वेळी पाने गाळत नाहीत. निमसदाहरित वनात काही झाडांची पानगळ होते. कोयनेत दोन्ही प्रकार आढळतात.
- संरक्षण : १९८५ मध्ये अभयारण्य. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या युनेस्को जागतिक वारसा स्थळांत समावेश.
- वन्यजीव : गवा, अस्वल, सांबर, राज्यप्राणी शेकरू.
- वाट : वाशी–पुणे–सातारा हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. पुढे कास पठारावरून बामणोली. तिथून शिवसागर जलाशय लाँचने ओलांडायचा, मग पायी चढण. हा जलाशय कोयना धरणाचा.
- पुढचा टप्पा : डोंगरधारेवर नागेश्वराची गुहा. कोकणाच्या बाजूने खेड तालुक्यातील चोरवणे गावातूनही तिथे वाट येते.
- नियम : वनविभागाची परवानगी आवश्यक. जंगलात मुक्कामास मनाई. अंधार पडण्याआधी परतावे लागते.
- काळ : पावसाळ्यात वाट बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोयीचा. निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी.