गेम अडखळतोय? खिशात हात घालण्याआधी तीन आकडे बघा!

बंगळुरूच्या बनशंकरी देवळात राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला बायकांची गर्दी होते. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातल्या कित्येक घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हे नाव परकं वाटत नाही. पण याच वस्तीतल्या (आणि पुण्या-ठाण्यातल्याही) अनेक घरांत संध्याकाळी वेगळीच आराधना चालते. कानाला हेडफोन लावून मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरवर गेम खेळते आणि तो खेळ यूट्यूब किंवा ट्विचवर थेट दाखवते.

मग कधीतरी कुरकुर सुरू होते. ‘‘नुसता खेळलो तर गेम मस्त चालतो. लाइव्ह गेलो की अडखळतो. बाबा, नवं ग्राफिक्स कार्ड हवं!’’

कार्ड मिळायला अडचण नाही. बनशंकरी स्टेशनवर मेट्रोच्या हिरव्या मार्गाची गाडी पकडायची, चिकपेटला उतरायचं, की एस. पी. रोडचा कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार जवळच. आपल्या लॅमिंग्टन रोडचा हा बंगळुरी भाऊबंद. प्रश्न एवढाच, की कार्ड खरोखरच बदलायला हवं का? बऱ्याचदा नको असतं, आणि ते घरबसल्या कळू शकतं.

गेम म्हणजे भराभर काढलेल्या चित्रांची मालिका. एका चित्राला म्हणायचं फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येकीसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ही चित्रं काढतं ग्राफिक्स कार्ड. थेट प्रक्षेपणासाठी बहुतेक जण वापरतात ते ओबीएस स्टुडिओ हे २०१२पासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. गेमचं चित्र, कोपऱ्यातला कॅमेरा, प्रेक्षकांचे निरोप हे सगळं ते एकत्र जुळवतं. हे जुळवण्याचं कामही त्याच कार्डावर पडतं! म्हणजे आचारी एकच, त्यानेच पंगतीला वाढायचं आणि त्यानेच बाहेरगावचे डबे भरायचे. पंगतीने हात रिकामाच होऊ दिला नाही, तर डबे उशिरा जाणारच.

इथेच मेख आहे. गेमला मर्यादा घातली नाही, तर तो कार्डाकडून जमतील तेवढ्या फ्रेम काढून घेतो, कधी १२० तर कधी १४०. घरातला साधा मॉनिटर मात्र सेकंदाला ६०च चित्रं दाखवतो. वरची सगळी मेहनत वाया जाते आणि ओबीएस ताटकळत राहतं. तेव्हा पहिला उपाय बिनपैशाचा: गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवायची. तरीही कार्ड शंभर टक्के राबत असेल तर सावल्या, प्रतिबिंबं वगैरे तपशील एक पायरी खाली आणायचे. विंडोज १० किंवा ११वर ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं, तर कार्डाच्या वापरात त्याला थोडं प्राधान्यही मिळतं.

पण दुखणं नेमकं कुठलं, हे आधी ओळखायला हवं. ओबीएसच्या ‘स्टॅट्स’ नावाच्या खिडकीत तीन आकडे दिसतात. ‘रेंडरिंग लॅग’चा आकडा वाढत असेल तर वर सांगितलेलं दुखणं, म्हणजे कार्डावरचा ताण. ‘एन्कोडिंग लॅग’चा वाढला तर चित्रं आटोपशीर करून पाठवणारा एन्कोडर दमलाय. आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढल्या तर दोष इंटरनेटचा. तिथे दहा कार्डं बदलली तरी काडीचा फरक पडणार नाही.

एन्कोडरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ‘एक्स२६४’ निवडलं असेल, तर ते काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. त्याच प्रोसेसरची गेमलाही गरज असते, म्हणून गेम खेळणाऱ्यालाच झटके बसतात. एनव्हिडियाच्या बहुतेक गेमिंग कार्डांत ‘एनव्हेंक’ आणि इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ‘क्विक सिंक’ अशी याच कामासाठी वेगळी सोय असते. पैसे मोजून घेतलेली ही सोय सेटिंगमध्ये निवडलेलीच नसते! ती निवडावी. तरीही भागलं नाही, तर प्रक्षेपण १०८०ऐवजी ७२० रेषांचं करावं किंवा सेकंदाला ३० फ्रेम पाठवाव्यात. खेळणाऱ्याच्या पडद्यावर ६० असल्या तरी पाहणाऱ्याला ३० चालतात.

इंटरनेटचं म्हणाल तर जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, इथे कामाचा अपलोडचा. ६००० किलोबिटचा प्रवाह सोडायचा तर ६ मेगाबिट अपलोड सतत हवा आणि वर थोडी शिल्लकही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्यांनी हिशेब करावा: या वेगाने तासाला साधारण २.७ जीबी उडतात. वायफायपेक्षा राउटरपासून सरळ केबल ओढलेली बरी.

लॅपटॉपवाल्यांची कहाणी आणखी निराळी. त्यात बरेचदा दोन ग्राफिक्स चिप असतात. गेम एकीवर आणि ओबीएस दुसरीवर चाललं, की ‘गेम कॅप्चर’मध्ये नुसता काळा पडदा दिसू शकतो. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन दोघांना एकाच चिपवर बसवावं. चार्जर लावलेला असावा, कारण बॅटरीवर यंत्र आपली ताकद आवरती घेतं. आणि गादीवर ठेवून खेळणं तर बंदच करा. खालच्या जाळ्या बुजल्या की यंत्र तापतं आणि जीव वाचवायला आपला वेग कमी करतं.

या सगळ्याला ‘वेळेचा नास’ म्हणणारे आजोबा घरोघरी आहेत. त्यांना सांगायला हरकत नाही, की एप्रिल २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नामवंत गेमर्सशी गप्पा मारल्या, त्यांत मिथिलेश पाटणकर हेही होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंदी आली. हे प्रकरण ते नव्हे. अर्थात, अभ्यासाच्या वेळी खेळ नको हा आजोबांचा मुद्दा उरतोच.

चाचणीसाठी लाइव्ह जायचीही गरज नाही. दहा मिनिटांचा खेळ नुसता रेकॉर्ड करावा आणि पहिले दोन आकडे कागदावर टिपावेत. मग एकच बदल करून पुन्हा दहा मिनिटं. एका दमात पाच सेटिंग बदलली तर गुण कशाने आला, तेच कळत नाही. इतकं करूनही रेंडरिंगचा आकडा हटला नाही, तर तो कागद घेऊन खुशाल एस. पी. रोड गाठावा. निघताना घरच्या पॉवर सप्लायवर किती वॉट लिहिलंय, तेही टिपून न्यावं. नवं कार्ड त्याला पेलणार नसेल, तर दुकानदार दुसरं बिल फाडेल.