एक दिवसाआड घेतलेली गोळी

वाचकहो, आज थोडी सवड काढून घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा उघडून पाहा. डॉक्टरांनी महिनाभरासाठी दिलेल्या गोळ्या दीड महिना पुरल्या असतील, तर समाधान मानू नका. आईने किंवा बाबांनी कुणालाही न सांगता एक दिवसाआड गोळी घेण्यास सुरुवात केली असण्याचा संभव आहे. विचारल्यावर उत्तर मिळते, ‘आता बरे वाटते, रोज कशाला?’ या उत्तरामागे पुष्कळदा प्रकृतीचा नव्हे, पैशाचा हिशेब असतो. कापूस घरात यायला अवकाश आहे, नातवंडांची फी भरायची आहे, तेव्हा काटकसर आपल्या गोळीत करावी, असा तो हिशेब. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी घरांना तो अपरिचित नाही.

ही काटकसर मात्र फार महाग पडते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, ठणकत नाही. म्हणूनच गोळी अनावश्यक वाटू लागते. औषधात खंड पडला की अर्धांगवायू, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका वाढतो. वाचवलेल्या दोन-चारशे रुपयांच्या बदल्यात एखादे कुटुंब वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करीत राहते.

‘पण आपल्याकडे तर पाच लाखांचे कार्ड आहे!’ असे आपण म्हणाल. ते खरे आहे, आणि त्याचे मोल कमी नाही. २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. राज्यातील ज्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही या योजनेत स्थान मिळाले, त्यांत यवतमाळ होता. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीही ते पहिल्या दिवसापासून चालते.

परंतु या योजनांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. आयुष्मान योजनेत घरी परतल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे धरलेली असतात. सोळाव्या दिवशी पुन्हा आपलाच खिसा. हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते, पण त्यानंतर जन्मभर घ्यावयाची गोळी विकत आणावी लागते. वार्धक्याचा आजार रोजचा, आणि कार्ड मात्र संकटाच्या दिवसाचे. अनेक घरांतील वैतागाचे मूळ येथे आहे.

हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशात उपचारांच्या खर्चावरून लोकांमध्ये तीव्र असंतोष आहे. तेथे ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही शासकीय विमा योजना १९६५ मध्ये संमत झाली. तिच्यात रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा खर्च होता. पण घरी घ्यावयाच्या औषधांसाठी व्यापक तरतूद लागू होण्यास २००६ साल उजाडले. तरीही मधुमेही वृद्ध इन्सुलिन पुरवून पुरवून वापरीत. अखेर २०२३ पासून या योजनेतील वृद्धांसाठी इन्सुलिनचा खर्च महिन्याला ३५ डॉलरपुरता मर्यादित करण्यात आला. रोजच्या औषधाला आरोग्यसेवेत हक्काची जागा मिळण्यास तेथेही दीर्घ काळ जावा लागला.

आपल्याकडे ती जागा कागदावर तरी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात, म्हणजेच आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी होते आणि नेहमीची औषधे मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. अडचण येते ती ‘औषध संपले, पुढच्या आठवड्यात या’ हे शब्द कानी पडतात तेव्हा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि महिलांना अर्धे तिकीट आहे. पण सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? उमरखेडच्या माणसाला नांदेड आणि वणीच्या माणसाला चंद्रपूर वा नागपूर गाठावे लागले, तर हा खर्च आणखी वाढतो.

अशा वेळी संताप येणे स्वाभाविक आहे. तो गिळून मुकाट्याने गोळी निम्मी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कोणते औषध कोणत्या तारखेस मिळाले नाही, याची वहीत नोंद ठेवा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा. गावातील चार-पाच ज्येष्ठांनी मिळून ही मागणी ग्रामसभेत मांडल्यास तिला वजन येते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने ज्वारीच्या रूपातील आरोग्यविमा उभा केला होता. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी आणि आजारपणात गावाला उपचारांचा आधार मिळावा, अशी ती रीत. आजारी पडण्यापूर्वी एकत्र येण्याचे महत्त्व विदर्भातील खेड्यांनी असे जाणले आहे.

तोवर घरात काही गोष्टी अवश्य करा. औषध परवडत नसल्याचे डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगा आणि त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध लिहून मागा. जनऔषधी केंद्रात ते पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. गोळी मनाने बंद करू नका. काही गोळ्यांतील औषध शरीरात सावकाश उतरावे अशी त्यांची घडण असते. ती मोडली तर सगळे औषध एकदम उतरते. म्हणून विचारल्यावाचून गोळीचे तुकडे करू नका. वय वंदना कार्ड प्रकृती ठीक असतानाच काढून ठेवा. रुग्णालयात जाण्यापूर्वी ते अंगीकृत आहे की नाही, हे १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्या आणि तेथे पोहोचताच प्रथम आरोग्यमित्रास भेटा.

शुश्रूषा करणाऱ्या लेकी-सुनांना आणि मुलांना एक विनंती. दर रविवारी गोळ्या मोजा. मात्र मोजताना चेहऱ्यावर जाब विचारल्याचा भाव नको. ‘तुमच्या गोळीचे पैसे घरखर्चात आधीच बाजूला काढले आहेत,’ एवढे एक वाक्य आईबाबांच्या कानी पडू द्या. आपण घरावर ओझे झालो आहोत, ही भावना सरली की एक दिवसाआड घेतलेली गोळी पुन्हा रोज घेतली जाईल.