मोटारखान्यातली नावे

सुरतेच्या नवागाम भागात, जिथे धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडून पोटासाठी आलेली खानदेशी कुटुंबे मागांच्या खटखटाटात कित्येक वर्षे नांदत आली आहेत, तिथल्या लेथच्या दुकानांत बसून मी पुष्कळ दुपारी घालविल्या आहेत. जुन्या मागाचे एखादे दातेरी चाक झिजले आणि ते घडविणारी पेढी केव्हाच मिटलेली असली, तरी तिथला कारागीर तो झिजलेला तुकडा हातावर तोलतो, मापे घेतो, आणि दुसऱ्या दिवशी तसाच नवा तुकडा पुढे ठेवतो. ज्यांचे कारखाने नामशेष झाले अशा उंची मोटारींविषयी मला जे अगत्य वाटते, त्याचे मूळ या दुकानांत आहे. कारण त्या मोटारी आज ज्या थोड्या उरल्या आहेत, त्या अशाच हातांमुळे उरल्या आहेत.

कोल्हापुरात विजयादशमीच्या सायंकाळी दसरा चौकात देवीच्या पालख्या येतात, शमीपूजन होते, सोने लुटले जाते. आणि त्या सोहळ्यासाठी छत्रपती घराण्याची स्वारी ज्या संस्थानकालीन मोटारीतून येते, तिचे नाव मेबॅक. जर्मन उच्चार मायबाख असा असला, तरी कोल्हापूरकरांच्या तोंडी मेबॅक हेच रुळले आहे, आणि मीही तेच ठेवतो. हे नाव गर्दीतल्या बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ते कोणाचे, हे फार थोड्यांना माहीत असते.

विल्हेल्म मेबॅक हा १८४६ साली जन्मलेला, दहाव्या वर्षी पोरका झालेला आणि एका धर्मादाय आश्रमात वाढलेला मुलगा. पुढे गॉटलीब डाइमलरचा उजवा हात होऊन त्याने जी यंत्रे आखली, त्यांतच १९०१ ची पहिली मर्सिडीज होती. त्याने आणि त्याचा मुलगा कार्ल याने १९०९ साली स्वतःचा जो कारखाना उभारला, तो मात्र मोटारींसाठी नव्हता. काउंट झेपेलिनच्या प्रचंड हवाई जहाजांना इंजिने पुरविणे हे त्याचे काम होते. पहिले महायुद्ध संपले, व्हर्सायच्या तहाने जर्मनीला विमानांची इंजिने करण्याची बंदी झाली, आणि हात रिकामे पडलेल्या या कारखान्याने १९२१ मध्ये मोटार बाजारात आणली. म्हणजे पराभूत राष्ट्रावर लादलेल्या तहाच्या एका कलमातून ही राजेशाही मोटार जन्मली. बंदी उठल्यावर जुना धंदाही परत आला: १९२९ साली पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘ग्राफ झेपेलिन’ जहाजाची पाचही इंजिने मेबॅकचीच होती, आणि पुढच्याच वर्षी बारा नळकांड्यांच्या मोटारीला त्या कारखान्याने झेपेलिन हेच नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात तिथे रणगाड्यांची इंजिने झाली, आणि युद्धानंतर मोटारींचे काम पुन्हा सुरू झाले नाही. दोन युद्धांमधल्या त्या वीस वर्षांत अठराशेच्या आसपास मोटारी झाल्या असतील. २००२ साली डाइमलर-क्रायस्लर कंपनीने ते नाव पुन्हा काढले खरे, पण ती मोटार निराळी.

इथे एक खुलासा अवश्य आहे, कारण त्यावाचून या विषयातली निम्मी कैफियत कळत नाही. त्या काळी असा कारखाना गिऱ्हाइकाला सबंध मोटार क्वचितच देई. तो चासिस, इंजिन आणि रेडिएटर देई, आणि वरचा साज गिऱ्हाइकाच्या पसंतीने निराळा कारागीर चढवी. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन मोटारी एकमेकींसारख्या असतीलच असे नाही, आणि म्हणूनच जाणकार मोटारीपुढे उभा राहिला की रंगरूप पाहण्याआधी चासिसचा नंबर आणि साज चढविणाऱ्याची लहानशी पट्टी शोधतो.

याचे सर्वांत देखणे उदाहरण इंदूरच्या होळकरांचे. यशवंतराव होळकर दुसरे, ज्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधविला, त्यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागविली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून काळा-नारिंगी साज चढविला. इतकी लांबलचक मोटार, आणि बसण्याची मुख्य जागा दोघांपुरतीच! सुपरचार्जर लावलेल्या या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती असल्याचे कारखाना सांगे. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग या जर्मनीत जन्मलेल्या भावांनी उभारलेल्या त्या पेढीतून १९२८ च्या ‘मॉडेल जे’च्या सुमारे ४८० मोटारीच बाहेर पडल्या, फ्रेड १९३२ साली मोटार अपघातानंतर वारला आणि १९३७ मध्ये कारखाना बंद झाला. बॉनेटच्या बाजूने बाहेर काढलेल्या चकाकत्या नळ्या दिसल्या की नवखा मनुष्य सुपरचार्जर आहे असे धरून चालतो. मुरलेला मनुष्य मान हलवितो, कारण केवळ शोभेसाठीही त्या नळ्या बसवून घेणारी गिऱ्हाइके होती.

असल्या माहितीचे भांडार या जाणकार मंडळींपाशी अपार असते. हिस्पानो-सुइझाच्या रेडिएटरवरचा उडता करकोचा हा फ्रान्सचा वीर वैमानिक गिनमेर याच्या तुकडीचे चिन्ह होता, कारण ती विमाने त्याच कारखान्याच्या इंजिनांवर उडत. लगोंडा ही इंग्लंडची मोटार, पण तिचे नाव अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका ओढ्याचे; संस्थापक तिकडचा. पॅकार्ड तर एका तक्रारीतून निघाली: जेम्स वॉर्ड पॅकार्डने विंटन या कारखानदाराची मोटार विकत घेतली, तिच्यातले दोष विंटनलाच जाऊन सांगितले, ‘तुम्हीच चांगली करून दाखवा’ अशा अर्थाचे उत्तर ऐकले, आणि १८९९ मध्ये करून दाखविली. कुणाला या गोष्टी क्षुल्लक वाटतील. मला त्या वाटत नाहीत. कारखान्याची दप्तरे युद्धांत आणि लिलावांत पांगल्यावर कारखान्याचा इतिहास अशा तपशिलांच्या आधारानेच पुन्हा जुळवावा लागतो.

आम्हा सुरतकरांना हे सारे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांनी जमविलेला संग्रह आहे, त्यात मेबॅक, लगोंडा, पॅकार्ड यांच्यासारखी नावे एकत्र भेटतात. आणि जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, गायकवाडांच्या त्या अंगणात, जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

पण काचेआड किंवा दोरीपलीकडे उभी असलेली मोटार पाहणे निराळे, आणि दसरा चौकातली पाहणे निराळे. तिथे मेबॅक अजून चाकरीवर आहे. जमाव दुभंगतो, लवाजमा पुढे सरतो, आणि आठ दशकांपूर्वी मोटारी करणे थांबविलेल्या कारखान्याचे ते यंत्र माणसाच्या चालीने चौकात येते. सगळ्यांचे डोळे छत्रपतींच्या दर्शनाकडे लागलेले असतात, ते योग्यच. माझे कान मात्र त्या वेळी इंजिनाकडे असतात.