रग्बी लीगचा अंतिम सामना आणि दोन नगरांचे वैर : विगन–सेंट हेलेन्स, २०२०

रग्बी लीग हा खेळ मजुरीच्या प्रश्नातून जन्माला आला. सामन्यासाठी खाण वा गिरणीतील काम बुडविणाऱ्या खेळाडूंना भरपाई देण्यास इंग्लंडच्या रग्बी संघटनेने नकार दिला. परिणामी उत्तरेकडील क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे स्वतंत्र संघटना स्थापन केली. विगन आणि सेंट हेलेन्स हे शेजारच्या औद्योगिक नगरांतील क्लब तिचे संस्थापक सदस्य होत. त्यांचे वैर त्यामुळे भाऊबंदकीसारखेच आहे.

२७ नोव्हेंबर २०२० रोजी हल येथे, कोविडमुळे प्रेक्षकांविना, या दोघांत सुपर लीगचा अंतिम सामना झाला. अखेरच्या क्षणी गुणसंख्या ४-४ होती. येथे नियम ध्यानात घेणे आवश्यक आहे. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे टेकविल्यास ४ गुण, तर ड्रॉप गोलला त्या वेळच्या नियमानुसार १ गुण मिळत असे. बरोबरी मोडण्यास एकच गुण पुरेसा असल्याने टॉमी मॅकिन्सनने लांबून ड्रॉप गोलचा प्रयत्न केला. चेंडू खांबावर आदळून परतला. असा चेंडू खेळातच राहतो. मात्र लाथ मारणाऱ्याच्या मागे असलेल्या सहकाऱ्यालाच त्यावर धावून जाता येते. १९ वर्षांच्या जॅक वेल्सबीने तो टेकविला आणि सेंट हेलेन्सने ८-४ असा विजय मिळविला.

यास केवळ दैव म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. दैव खांबापुरतेच होते. हुकण्याची शक्यता गृहीत धरून धावणे ही शिस्त होय. सेंट हेलेन्सने २०१९ ते २०२२ अशी सलग चार विजेतेपदे मिळविली. विगनला २०२३ पर्यंत थांबावे लागले.