श्रुतींच्या अभ्यासकाने टर्नटेबल कसे पारखावे

१९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. गायकाच्या गळ्यातून निघणारा स्वर तारेच्या लांबीवर ताडून पाहावयाचा, ही देवलांची पद्धती होय. आणि या कामी त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या विलक्षण सुरेल गायकाचे साहाय्य लाभले होते. शंका आली तर गायकाकडून तोच स्वर पुनः लावून घेण्याची सोय देवलांना होती. आपणांस ती नाही. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांच्या गळ्याचा पुरावा आज उरला आहे तो या शतकारंभीच्या नव्हे, तर गेल्या शतकाच्या आरंभीच्या आणि पुढे १९३४ नंतरच्या तबकड्यांत. देवलांच्या तारेची जागा आता तबकडी फिरविणाऱ्या यंत्राने घेतली आहे, आणि म्हणूनच ते यंत्र कितपत विश्वासार्ह आहे हा प्रश्न केवळ शौकिनांचा राहत नाही.

उत्तम टर्नटेबलाची किंमत हल्ली काही लाखांच्या घरात जाते. त्याची थाळी जड असते, आस अत्यंत घोटीव असतो आणि सुई धरणारी भुजा हलकी व विनाघर्षण फिरणारी असते. यांतील कोणत्या गुणासाठी अभ्यासकाने पैसे मोजावेत, हे ठरविण्यापूर्वी थोडे गणित करणे इष्ट आहे.

सप्तकाचे १२०० समान भाग कल्पिले असता त्यांतील एका भागास सेंट म्हणतात. मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी ७९ फेऱ्यांनी फिरविली, तर प्रत्येक स्वर सुमारे २२ सेंटांनी चढतो. आता ८१:८० या गुणोत्तराची प्रमाणश्रुती भरते सुमारे साडेएकवीस सेंट. म्हणजे एका फेऱ्याची चूक आणि एक प्रमाणश्रुती ही जवळजवळ सारखीच! मात्र एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. वेग चुकीचा पण स्थिर असेल, तर षड्जासह सर्वच स्वर सारख्या प्रमाणात सरकतात. षड्ज-गांधारातील गुणोत्तर अबाधित राहते. चूक होते ती गायकाच्या पट्टीविषयी. तबकडी ७८ ने फिरविता जो षड्ज पांढरी दोनचा वाटतो, तोच सुमारे ७३.६ फेऱ्यांवर काळी एकचा होतो. जुन्या तबकड्या मुद्रित करतानाचा वेग सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोठेही असे. तेव्हा अमुक गायक तरुणपणी अमुक पट्टीत गात असे, हे केवळ तबकडीवरून ठामपणे लिहिणे धाडसाचे आहे. निदान ती किती फेऱ्यांवर ऐकली हे तरी लिहावे.

वेग मोजण्याचे साधन स्वस्त आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कागदी चकती थाळीवर ठेवून ती विजेच्या मिणमिणत्या प्रकाशात पाहिली, की योग्य वेगाला पट्ट्या स्थिर दिसतात. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणून दिवा १०० वेळा लुकलुकतो; ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० पट्ट्या लागतात आणि ७८ साठी ७७. अमेरिकेतून आलेली चकती ६० आवर्तनांच्या हिशेबाने काढलेली असते; ती पुण्यात वापरल्यास अनर्थ ओढवेल.

श्रुतींच्या दृष्टीने खरा शत्रू आहे तो अस्थिर वेग. या बाबतीत यंत्रांनी मोठी मजल मारली आहे. १९७९ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या यंत्राची वेगातील चंचलता ०.०२५ टक्के सांगितली जाते. ती अर्ध्या सेंटाहूनही कमी होय. याहून दसपट महाग यंत्राने स्वराच्या मोजणीत काय अधिक साधणार? कारण दोष बहुधा तबकडीतच असतो. मधले भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले असले, तर केंद्रापासून ६० मिलिमीटरवरील खोबणीत स्वर १४ सेंट वर आणि १४ सेंट खाली झुलतो. हा झोका प्रमाणश्रुतीहून मोठा आहे, आणि लाखाची थाळीही तो थांबवू शकत नाही. नाकामिची या जपानी कारखान्याने १९८० च्या दशकारंभी तबकडीचे केंद्र स्वतः शोधून ती सरकविणारे यंत्र काढले. पण ते अपवादच ठरले. काही लोक भोक कोरून मोठे करतात. दुर्मिळ तबकडीवर हा प्रयोग कोणी करू नये. मधली खुंटी काढून घेता येईल अशी थाळी मिळाली, तर भुजेचे डोलणे पाहत तबकडी हाताने सरकवून केंद्र साधता येते.

येथे एक फसवी जागा आहे. दरबारी कानड्यातील गांधाराचे आंदोलन संथ असते. आणि दीर्घ तबकडीचा एक फेराही १.८ सेकंदांचा. भोकाचा झोका गायकाच्या नावावर जमा होण्याची भीती आहे. त्यावर उपाय असा की, कान गायकाकडे न देता तंबोऱ्याकडे द्यावा. तंबोरा आंदोलन घेत नाही. तोही त्याच लयीत हलत असेल तर दोष तबकडीचा समजावा. जुन्या तबकड्यांत तंबोरा ऐकू येत नसेल, तर पेटीचा धरलेला स्वर तेच काम करतो.

सुईविषयी थोडक्यात: ७८ च्या रुंद खोबणीस सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. दीर्घ तबकडीचे १८ मायक्रॉनचे टोक तीत घातल्यास ते तळाशी घासत जाते व खरखर तेवढी वाढते. म्हणून दोन सुया घ्याव्यात. हा खर्च टाळू नये.

राहता राहिली जागा. पेठांतील वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर माणूस चालला की सुई उडते. यंत्र भिंतीत पक्क्या बसविलेल्या फळीवर ठेवणे बरे. आणि बुधवारी वा रविवारी जुन्या बाजारात तबकडी विकत घेताना लेबलाइतकेच भोकाकडेही पाहावे: वर्षानुवर्षे खुंटीवर दाबून ते लंबगोल झालेले असेल, तर ती तबकडी नेमकी मध्यावर बसविण्याचे काम प्रत्येक वेळी नव्याने करावे लागेल.